पन्नासावी लेव्हल म्हणजे अर्धा रस्ता नव्हे

गेल्या दोन-तीन महिन्यांत मला तीन वेगवेगळ्या आयांनी एकच प्रश्न विचारला. एकीने मराठीत, दोघींनी कन्नडमध्ये, पण तक्रार अक्षरशः तीच. "मॅडम, मुलगा तासभर एकाच माळावर फिरत असतो. तेच ते राक्षस मारतो. पुढे जातच नाही. ह्याला खेळ म्हणायचं का?" आमच्या घरी गेम खेळले जातात आणि मीही मुलाबरोबर बसते, हे आता गल्लीत सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यातून मी अर्थशास्त्र शिकवते. कमी कष्टात जास्त फळ कसे मिळवावे, हा तर आमच्या विषयाचा पहिलाच धडा. तेव्हा या आठवड्यात त्या माळावर फिरणाऱ्या मुलाबद्दलच लिहिते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मुलाला आपण विचारतो, "कितव्या लेव्हलला आहेस?" मारिओसारख्या खेळात लेव्हल म्हणजे टप्पा. एक संपला की दुसरा. पण रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे सोंग घेऊन खेळायच्या खेळात, लेव्हल असते ती पात्राची. मराठीत पातळी, कन्नडात मट्ट म्हणा हवे तर. क्रिकेटच्या किंवा मोटारीच्या गेममध्ये खेळून खेळून मुलाचा हात सुधारतो. इथे हात तोच राहतो, पडद्यावरचा योद्धा मात्र बलवान होतो. शत्रू हरवला की अनुभवाचे गुण मिळतात, ठराविक गुण साठले की लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की ताकद वाढते. जपानी लोक या गुणांना 'केइकेनची' म्हणतात, म्हणजे अनुभवाचे मूल्य. आपल्याकडे मराठीत आणि कन्नडात 'अनुभव' हा शब्द एकच आहे, ही आपली सोय.

ही पद्धत कॉम्प्युटरने शोधलेली नाही. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच सामान. त्यात योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी 2000 गुण लागत, तिसरीला 4000, चौथीला 8000, पुढे 16000, 32000. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट उंच! गंमत म्हणजे त्या खेळात गुण राक्षस मारूनच मिळत असे नाही, हाती लागलेल्या खजिन्याचेही मिळत. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. त्यामुळे हुशार खेळाडू राक्षसाच्या नादाला न लागता, त्याला चुकवून खजिना घेऊन पसार होत. लेव्हल लवकर कशी वाढवावी याचा विचार त्या पहिल्या खेळापासूनच सुरू आहे, आजच्या मुलांनी तो काढलेला नाही.

घरोघरच्या टीव्हीवर ही पद्धत रुजवली ती जपानच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने, 1986 साली. युजी होरीई यांनी तो रचला. त्यात खेळाच्या आरंभी वाड्याबाहेरच्या माळावर स्लाइम नावाचा निळा, थेंबासारखा, हसऱ्या तोंडाचा प्राणी भेटतो. तो मारला की एक गुण. दुसऱ्या लेव्हलला लागतात 7 गुण, तिसरीला एकूण 23, चौथीला 47, पाचवीला 110, सहावीला 220, सातवीला 450. आता बघा, जो मुलगा वाड्याजवळच बसून फक्त स्लाइम मारेल, त्याला दुसऱ्या लेव्हलला सात स्लाइम पुरतात, पण सातव्या लेव्हलला साडेचारशे लागतात. तालमीत नवशिक्या पोरांनाच चितपट करत बसलेल्या पैलवानासारखी त्याची गत. कुस्त्या भरपूर, प्रगती शून्य.

होरीईंनी याची तोड नकाशातच ठेवली आहे. पूल ओलांडला की पलीकडचे शत्रू जास्त बलवान, आणि त्यांचे गुणही जास्त. म्हणून लेव्हल वाढवण्याचा पहिला नियम असा की आपल्याला झेपेल अशा सर्वांत कठीण शत्रूशी लढावे. पण 'झेपेल' या शब्दाचा हिशोब नीट करायला हवा, आणि इथे बहुतेक मुले फसतात. समजा, अलीकडच्या काठावरचा शत्रू 10 गुण देतो, वीस सेकंदांत मरतो आणि आपल्याला ओरखडाही उठत नाही. मिनिटाला 30 गुण पडले. पलीकडचा 40 गुण देतो, पण त्याला एक मिनिट लागते, आणि दर तीन लढायांनंतर जखमी होऊन गावात जाऊन यायला तीन मिनिटे जातात. म्हणजे सहा मिनिटांत 120 गुण, मिनिटाला 20. दिसायला चौपट कमाई, प्रत्यक्षात तोटा. बाजारात स्वस्त भाजी मिळते म्हणून रिक्षा करून लांबच्या मंडईत जाण्यासारखे. येण्या-जाण्याचा खर्च धरल्याशिवाय भाव ठरत नाही, हे आपल्या आयांना मुलांपेक्षा चांगले कळते.

याच खेळात आणखी एक शहाणपण आहे. योद्धा मेला तर राजासमोर पुन्हा उभा राहतो. मिळवलेला अनुभव शाबूत, पण खिशातले सोने निम्मे जाते. म्हणून गाठीला सोने बांधून लांब जाऊ नये, आधी दुकानात जाऊन चिलखत आणि तलवार घ्यावी. चांगली तलवार बरेचदा दोन-तीन लेव्हलांचे काम करते. मुलगा माळावर फिरताना दिसला, तर तो गुणांसाठी फिरतोय की तलवारीच्या पैशांसाठी, हे एकदा विचारून बघा. उत्तर देता आले, तर समजा की डोके चालू आहे.

असे तेच ते करत राहण्याला खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात. शब्दशः दळण. मला हा शब्द फार आवडतो. दळणाचा कंटाळा आपल्या आज्यांना काही कमी नव्हता, म्हणून तर मराठीत जात्यावरच्या ओव्या झाल्या आणि कन्नडात बीसुव कल्लिन पद. आमचा मुलगा हे दळण दळताना कानाला इयरफोन लावून इतिहासाचे व्याख्यान ऐकतो. सासूबाईंना हे अजून पटलेले नाही. त्यांची भाषा कन्नड आणि मत पक्के, "साकु माडो!" म्हणजे पुरे कर.

या 'साकु'कडे मी परत येणार आहे. त्याआधी पोकेमॉनचा हिशोब, कारण लेव्हल म्हणजे काय हे मला स्वतःला त्यावरून समजले, आणि बी.ए.च्या वर्गात मी तो फळ्यावर मांडतेही.

पोकेमॉनचे गेम जपानमध्ये 1996 साली आले. प्रत्येक प्राण्याची लेव्हल 1 ते 100. त्यांतल्या पुष्कळ प्राण्यांचे गणित अगदी सरळ आहे: लेव्हलच्या आकड्याचा घन केला की लागणारे एकूण गुण मिळतात. दहाव्या लेव्हलला 1000. पन्नासाव्याला 1,25,000. आणि शंभराव्याला? 10,00,000. म्हणजे पन्नासाव्या लेव्हलला पोचलेला मुलगा म्हणतो, "आई, अर्धं झालं!" तेव्हा खरे तर आठवा हिस्साच झालेला असतो. आणखी पुढचे बघा. नव्याण्णववरून शंभरावर जायला लागतात 29,701 गुण. शून्यापासून तिसाव्या लेव्हलपर्यंतची सगळी मिळकत 27,000. शेवटची एक पायरी पहिल्या तीस पायऱ्यांपेक्षा महाग! आम्ही वर्गात घटत्या उपयोगितेसाठी लाडवांचे उदाहरण देतो, पहिला लाडू गोड, पाचवा नकोसा. पण लाडवाची किंमत तरी तीच राहते. इथे लाडू नकोसा होत जातो आणि भावही चढत जातो.

मग किती लेव्हल पुरे? इथे 'साकु' कामाला येतो. आमचा मुलगा आता पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी ठरले आहे की खेळ फक्त रविवारी, दोन तास. त्याच्या मामाचा जुना गेमबॉय आणि 2004 सालचा 'पोकेमॉन फायररेड' त्याच्या हाती लागला आणि बोर्डाच्या परीक्षेआधी तो संपवायचाच असे त्याने मनात घेतले. या गेमच्या शेवटी चार दिग्गज आणि मग विजेता असे पाच जण ओळीने हरवावे लागतात. विजेत्याचा सर्वांत तगडा प्राणी 63 व्या लेव्हलचा. मुलाचे सहा प्राणी तेव्हा 55 च्या आसपास. वर्गातल्या मित्रांचा सल्ला सरळ होता, सगळे 63 वर ने.

मी म्हटले, आधी भाव काढ. 55 चा घन 1,66,375. 63 चा घन 2,50,047. फरक 83,672. म्हणजे आजवर प्रत्येक प्राण्याने जेवढे मिळवले, त्याच्या निम्मे अजून मिळवायचे, आणि तेही सहा जणांसाठी. पाच लाखांवर गुण. दोन तासांच्या रविवारांत हे बसणारे नव्हते. दुसरीकडे या खेळात प्राण्यांचे प्रकार असतात. पाण्याचा मारा आगीच्या प्राण्याला दुप्पट लागतो. विजेचा मारा जमिनीच्या प्राण्याला लागतच नाही. चौथ्या दिग्गजाचा ड्रॅगनाइट 60 व्या लेव्हलचा आहे, पण तो ड्रॅगनही आहे आणि उडणाराही, म्हणून बर्फाचा मारा त्याला चौपट लागतो. एका प्राण्याला बर्फाचा मारा शिकवणे हे सहा जणांना पाच-पाच लेव्हल चढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. त्याने वहीच्या मागच्या पानावर पाच प्रतिस्पर्धी, त्यांचे प्रकार आणि आपल्याकडे त्यावर काय आहे, असा तक्ता केला. दोन खाणी रिकाम्या निघाल्या. तेवढ्यापुरते दळण दळले. तिसऱ्या रविवारी विजेता हरला, तेव्हा मुलाचा एकही प्राणी साठीला पोचलेला नव्हता. तक्त्याचे ते पान रसायनशास्त्राच्या वहीत आहे, याबद्दल त्याच्या वडिलांना काय वाटते ते मी इथे लिहीत नाही.

जवळच्या वाटाही असतात. एक्सपी शेअर नावाची वस्तू दुर्बळ प्राण्याच्या गळ्यात अडकवली, की तो न लढता गुणांत वाटेकरी होतो. मित्राशी अदलाबदल करून आणलेल्या प्राण्याला दीडपट गुण मिळतात, मात्र योग्य ते बिल्ले मिळवलेले नसतील तर मोठा परका प्राणी आपले ऐकत नाही, हे बघून मला हसूच आले. आणि एक असते रेअर कँडी. गोळी खा, एक लेव्हल वर. लढाई नाही, कष्ट नाहीत.

या गोळीबद्दल थोडे जास्त लिहिते. लढाई जिंकली की प्राण्याला अनुभवाच्या गुणांखेरीज आणखी एक गोष्ट मिळते, जी पडद्यावर दिसत नाही. ज्या प्रकारच्या शत्रूला हरवले, त्यानुसार वेग, मारा, सहनशक्ती यांचे छुपे गुण जमा होतात. त्या सगळ्यांची मिळून मर्यादा 510. गोळी खाऊन लेव्हल वाढते, पण हे छुपे गुण वाढत नाहीत. म्हणून एकाच जातीचे, पन्नासाव्या लेव्हलचे दोन प्राणी शेजारी ठेवले, एक लढून आलेला आणि एक गोळ्यांवर वाढवलेला, तर आकडा तोच दिसतो आणि कुस्ती मात्र पहिला जिंकण्याची शक्यता जास्त. जाणते खेळाडू म्हणूनच आधी वेचून लढाया करतात, छुपे गुण भरून घेतात आणि मग गोळ्या देतात. गोळी वाईट नाही, तिचा क्रम महत्त्वाचा.

काही खेळांत तर लेव्हल वाढवणेच अंगाशी येते. 1999 च्या 'फायनल फँटसी आठ'मध्ये दर लेव्हलला सरसकट हजारच गुण लागतात. वाटते, किती सोपे! पण आपल्या चमूची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते. तिथले तरबेज खेळाडू शत्रूला न मारता त्याचे पत्त्यात रूपांतर करून टाकतात, म्हणजे अनुभव मिळत नाही, लेव्हल खालीच राहते, आणि ताकद जादूच्या साठ्यातून वाढवत नेतात. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये जे काम करावे त्यात प्रावीण्य येते आणि त्यावरून लेव्हल वाढते. झाले! लोकांनी लोखंडाचा एक गज आणि चामड्याची एक पट्टी घेऊन शेकड्यांनी सुऱ्या घडवायला सुरुवात केली. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतही एवढे उत्पादन होत नसेल. लेव्हल झपाट्याने वाढली, पण बाहेरचे कितीतरी शत्रूही त्याच मापाने मोठे झाले आणि या लोहाराला तलवार चालवता येईना. पुढच्या वर्षी कंपनीने नियम बदलला आणि घडवलेल्या वस्तूच्या किमतीप्रमाणे प्रावीण्य द्यायला सुरुवात केली. स्वस्त सुऱ्यांचा धंदा बसला.

विश्रांतीचा हिशोबही कोणीतरी केला आहे. 2004 च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पात्राला धर्मशाळेत किंवा शहरात ठेवून खेळ बंद केला, की दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतका 'विश्रांतीचा' हक्क जमतो. तो संपेपर्यंत शत्रू मारल्याचे दुप्पट गुण मिळतात. चाचणीच्या काळात नियम उलटा मांडला होता, फार वेळ खेळलात तर गुण निम्मे. लोक चिडले. आकडे जवळपास तेच ठेवून नाव बदलले, दंडाच्या जागी बक्षीस म्हटले, आणि सगळे खूष. रोज पाच तास बसणाऱ्यापेक्षा अधूनमधून येणाऱ्याला दर तासाचे फळ जास्त मिळते, हे मुलाला आईने सांगितले तर पटत नाही. गेमने सांगितले तर पटते. पटू दे की.

आता मोबाईलबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. वर सांगितलेल्या जुन्या खेळांत गेम एकदा विकत घेतला की दळण किती ठेवायचे यात कंपनीचा पुढचा पैसा अडकलेला नसे. फार ठेवले तर लोक कंटाळतील, कमी ठेवले तर खेळ लवकर संपेल, एवढाच विचार. मोबाईलवरच्या अनेक फुकट गेममध्ये लेव्हल विकायला ठेवलेली असते. जो दुकानदार वेळ वाचवायची गोळी विकतो, तोच वेळ किती वाया जावा हे ठरवतो. मग पंचविसाव्या लेव्हलपर्यंत रस्ता सपाट आणि सव्विसाव्यानंतर अचानक घाट. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांच्या फोनवरून अशा घाटात बाराशे रुपये भरले, आणि घाट संपला नाही. वडील भाजीचा ठेला चालवतात. त्या गेमचे नाव मी देत नाही, कारण हे त्या एकट्याचे नाही. मी त्या मुलाला ओरडले नाही. त्याला पोकेमॉनचा घनाचा तक्ता दाखवला आणि म्हटले, तुझ्या गेममध्ये पुढच्या दहा लेव्हलांना किती गुण लागतात ते लिहून आण. त्याला तो आकडा कुठेच सापडला नाही. प्रत्येक लेव्हलची किंमत त्या लेव्हलला पोचल्यावरच दिसत होती. भाव न लावलेल्या दुकानात आपण साडी घेतो का? त्याने फोनमधला भरण्याचा पर्याय वडिलांकडून पासवर्ड घालून बंद करून घेतला. गेम मात्र अजून खेळतो, चालत चालत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ताट वाढलेले असते, आपण हाक मारतो, "ऊटा!" आणि आतून येते, "दोन मिनिटं." जपानमधल्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळ जपून ठेवायला राजाकडे परत चालत जावे लागे आणि तो वीस अक्षरांचा मंत्र देई. तो वहीत उतरवून घ्यायचा, पुढच्या वेळी तोच टाकायचा. एक अक्षर चुकले की आठवड्याची कमाई बुडाली. आजच्या बऱ्याच गेममध्ये जपणूक आपोआप होते, पण सगळ्यांत नाही, आणि वीज गेली की काय होते ते आपल्याकडे सांगायला नको. म्हणून आमच्या घरी हाक मारायच्या आधी पंधरा मिनिटे मी विचारते, "सेव्ह करायची जागा किती लांब आहे?" तो सांगतो, आणि भाकरी त्या अंदाजाने तव्यावर पडते.